टोलचे मेसेज अजून मलाच येतात

गोदाकाठची | ९ फेब्रुवारी, रात्री १.४०

बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, पाककृती आणि भटकंती. पहिलाच धागा काढतेय आणि तोही असल्या विषयावर. सांभाळून घ्या.

वय २६. नाशिकला कॉलेज रोडवर एका सीएंच्या ऑफिसात कामाला आहे. साडेचार वर्षांचं नातं होतं. दोन्ही घरी माहीत होतं, मे महिन्यात बैठक करू म्हणत होते. तो इथेच अंबड एमआयडीसीत एका कंपनीत. त्याने सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा फास्टॅग मी काढून दिला, कारण त्याला असली कामं जमत नाहीत. (मला जमतात, हाच माझा दोष.) ओटीपीची कटकट नको म्हणून नंबरही माझाच दिला. रिचार्ज मीच करायचे.

जानेवारीत एका शनिवारी त्याची रात्रपाळी होती. म्हणजे मला तसं सांगितलं होतं. रात्री ११ वाजून १२ मिनिटांनी मेसेज आला, मुंबई रस्त्यावरचा घोटी टोल. अंबडची कुठलीच रात्रपाळी घोटीवरून जात नाही.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. इगतपुरी. त्याच्याच ऑफिसातली मुलगी. एकदा भेटलेय मी तिला, माझे कानातले छान आहेत म्हणाली होती. तो आधी म्हणाला गाडी मित्राने नेली होती, मग म्हणाला एकदाच झालं, मग रडला, आणि शेवटी मी कशी सारखी कामात असते ते मलाच ऐकवलं. पाचव्या दिवशी मी संपवलं.

आता खरा प्रॉब्लेम. मी फास्टॅगचं चौदा महिन्यांचं स्टेटमेंट काढलंय. एक्सेलमध्ये टाकलंय. पहिल्या कॉलममध्ये तारीख, वेळ, टोलनाका. दुसऱ्यात त्या वेळी त्याने मला व्हॉट्सअॅपवर काय सांगितलं होतं ते. तिसऱ्यात माझा शेरा. ११ नोंदी जुळत नाहीत. त्यातली एक माझ्या वाढदिवसाची आहे. दुपारी केक घेऊन आला होता, संध्याकाळी पुणे रस्त्यावरचा शिंदे टोल. दिवसभर लोकांच्या खात्यांचं रिकन्सिलिएशन (ताळमेळ) करते आणि रात्री स्वतःचं.

आणि ते सगळे टोल मीच भरलेत.

झोप नाही. ४ किलो उतरलं, आईला वाटतंय डाएट चालू आहे. नाशिक एवढंसं गाव. गंगापूर रोड, सोमेश्वर, धरणाचं बॅकवॉटर, रविवारची मिसळ, एक जागा उरलेली नाही जिथे आम्ही दोघं गेलो नाही. कुणी यातून बाहेर पडलंय का? 'वेळ हेच औषध' सोडून काहीही सांगा.


रात्रपाळी | ९ फेब्रुवारी, पहाटे ४.०५

भो, नावाप्रमाणे मी खरंच तिसऱ्या शिफ्टला असतो, सातपूरला. समस्त शिफ्टवाल्यांच्या वतीने आधी माफी मागतो.

माझा साखरपुडा झाला होता. हॉलचा ॲडव्हान्स गेला होता. तिचं कॉलेजातल्या एकाबरोबर चालू होतं, ते साखरपुड्याच्या आधीपासून. कळलं तेव्हा मित्र म्हणाले, वाचलास लेका, पार्टी दे. खरंच पार्टी घेतली त्यांनी. तीन महिने रोज कुणी ना कुणी 'मूड ठीक करायला' बसवायचं. पोराने रडायची सोय नाही आपल्याकडे, पिण्याची आहे. घरी जळगावला आई लोकांना सांगायची की पत्रिकाच जुळली नाही.

तिचं इन्स्टा बघायला मी दुसरं खातं काढलं होतं. अकरा महिने बघितलं. तिचं लग्नसुद्धा त्याच खात्यावरून बघितलं. तुझी एक्सेल शीट वाचली आणि ते आठवलं म्हणून लिहितोय.

मला उपयोग काय झाला? शिफ्ट सुटली की थेट पांडवलेणीच्या पायऱ्या. देखावा-बिखावा काही नाही. पाय एवढे दुखायचे की खोलीवर येऊन झोप लागायची. बास. झोप आली की निम्मं डोकं ठिकाणावर येतं.


मखमलाबादकर | ९ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

पोरी, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा. एप्रिलात आम्ही द्राक्षबागेची खरड छाटणी करतो. बघणाऱ्याला वाटतं बाग मेली, नुसते ओलांडे, म्हणजे जाड फांद्या, उरतात. पण पुढच्या सालच्या मालाची काडी त्याच छाटणीतून तयार होते...


कांदेपोहे_नको | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

काका, मागच्या महिन्यात शेअर बाजाराच्या धाग्यावर पण हीच छाटणी होती :)


मखमलाबादकर | ९ फेब्रुवारी, सकाळी ९.४०

मग? छाटणी दरसाल येते.


वाघीण_पंचवटी | ९ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

केस ठोक सरळ. लग्नाचं वचन देऊन फसवलं ना? आणि त्या मुलीच्या घरी ती शीट पाठव. कंपनीच्या एचआरलाही पाठव.


काळाकोट | ९ फेब्रुवारी, दुपारी ३.१०

कोर्टातली माणूस म्हणून सांगते, गरम डोक्याने यातलं काही करू नकोस.

व्यभिचाराचं कलम ४९७ सुप्रीम कोर्टाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं, आणि ते तसंही विवाहित स्त्रीच्या बाबतीतलं होतं, तुमच्या प्रकाराशी त्याचा संबंधच नव्हता. आता भारतीय न्याय संहितेत कलम ६९ आहे, पण त्यात वचन देतानाच ते पाळायचा इरादा नव्हता हे दाखवावं लागतं. साडेचार वर्षं नातं, दोन्ही घरी माहीत, आणि मग दुसरीबरोबर गेला, ही बेइमानी झाली. गुन्हा म्हणून ती कोर्टात टिकणं अवघड.

शीट कुणालाही पाठवायची नाही. त्या क्षणी ती तुझ्या दुःखाची वही राहत नाही, तुझ्याविरुद्धचा कागद होते. उलट बाजू मात्र लक्षात ठेव. तुझे खासगी फोटो त्याच्याकडे असतील आणि तो धमकी देत असेल, तर स्क्रीनशॉट ठेव आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार कर. असे फोटो परवानगीशिवाय काढले किंवा पसरवले तर आयटी कायद्याचं कलम ६६ई आहे. तिथे अजिबात संकोच नको.


संपादक मंडळ | ९ फेब्रुवारी, दुपारी ४.००

एका प्रतिसादात कुणीतरी त्या कंपनीचं नाव ओळखून लिहिलं होतं. प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). तपास करू नये.


मनोली | ९ फेब्रुवारी, रात्री ९.५०

मी समुपदेशक आहे, गंगापूर रोडला बसते. इथे कुणाला क्लायंट करून घेत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

गोदाकाठची, पहिला प्रश्न सरळ विचारते. मरून जावं असं मनात येतं का? येत असेल तर आत्ताच १४४१६ ला फोन कर. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. येत नसेल तर पुढे वाच.

तू रोज रात्री शीट उघडतेस त्यात वेडेपणा काही नाही. २०१० साली हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी नुकताच नकार मिळालेल्या, तरीही प्रेमातच असलेल्या १५ जणांचा मेंदू स्कॅन केला, पूर्वीच्या जोडीदाराचा फोटो दाखवून. कोकेनच्या तलफेत मेंदूचे जे भाग जागे होतात त्यातले काही इथेही जागे झाले. रात्रपाळी यांचं ते दुसरं खातं आणि तुझी शीट, दोन्ही तलफच आहेत. फरक इतकाच की तू तुझ्या तलफेला पुरावा म्हणतेस.

दगाफटक्यात माणूस तर जातोच, शिवाय मागची वर्षंही जातात. साध्या ब्रेकअपमध्ये निदान आठवणी तुझ्या राहतात. इथे प्रत्येक आठवण उलटी करून बघावीशी वाटते, त्या दिवशी खरं होतं की नाटक? तुला वाटतंय बाराव्या नोंदीनंतर उत्तर मिळेल. मिळत नाही. ११ खोट्या तारखांवरून तो खोटं बोलला हे कळतं, आणि ते तुला पहिल्या रात्रीच कळलं होतं.

लोक म्हणतील मनातलं सगळं लिहून काढ. सगळ्यांना ते मानवतंच असं नाही. २०१३ मध्ये डेव्हिड स्बारा यांच्या गटाने नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेल्या ९० जणांचा अभ्यास केला. काहींना भावना लिहायला सांगितल्या, काहींना दिवसभरात काय केलं याची कोरडी नोंद. जे मुळातच 'असं का झालं' याचा अर्थ उकरत बसणारे होते, त्यांच्यात भावना लिहिणारे मागे राहिले आणि कोरडी नोंद करणारे पुढे बरे सावरले. तू कुठल्या गटातली ते मी सांगायला नको. किती वाजता उठलीस, काय खाल्लंस, कुठली बस पकडलीस, एवढंच लिही. विशेषणं बंद.

आणि आईला सांग.


सिस्टर_नाशिक | १० फेब्रुवारी, सकाळी ७.१५

सगळे मनाचं बोलतायत, मी शरीराचं बोलते. कुणी बोलत नाही म्हणून.

तुमच्यात संबंध असतील तर तपासणी करून घे. तो एकाच वेळी दोघींबरोबर होता आणि तिकडे काळजी घेतली होती की नाही हे तुला माहीत नाही. त्याच्या शब्दावर आता किती विसंबायचं ते तू ठरव. सिव्हिलला आयसीटीसी केंद्र आहे, एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशन असतं, माहिती गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. आज निगेटिव्ह आली तरी शेवटच्या संबंधाला ३ महिने झाल्यावर पुन्हा कर. सिफिलिसचीही करून घे. विचारायची लाज वाटली तर १०९७ वर फोन करून विचार, ती एड्सची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

ज्या पोरी येतात त्या खाली मान घालून येतात. चूक दुसऱ्याची आणि मान हिची खाली. तू सरळ बघत ये.


गोदाकाठची | १० फेब्रुवारी, रात्री ११.३०

सगळ्यांना वाचतेय. मनोलीताई, मरावंसं नाही वाटत. रात्री गच्चीवर नुसती उभी राहते, पण ते हवेसाठी.

सिस्टर, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. गुरुवारी जाते.

शीट बंद केली होती. आत्ता ९.२० ला मेसेज आला, पुन्हा घोटी. उघडली.


दगडूची_आई | ११ फेब्रुवारी, दुपारी २.४५

अगं पण तो फास्टॅग बंद का नाही करत? तुझ्याच नंबरावर आहे ना?


गोदाकाठची | ११ फेब्रुवारी, दुपारी ३.०२

(उत्तर सुचलं नाही म्हणून कामाला लागले, आता लिहिते.) करता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. ऑफिसच्या ड्रायव्हरकाकांचा मीच बदलून दिलाय.


अर्धी_पोळी | ११ फेब्रुवारी, रात्री १०.१०

मी ३१. तुझ्या वयाची असताना हेच झालं होतं. आता लग्न झालंय, चांगला आहे नवरा. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'सगळं छान होतं गं पुढे' म्हणणाऱ्या बायका पुढचं सांगत नाहीत.

तो माणूस माझ्या डोक्यातून सहा-आठ महिन्यांत उतरला. खरंच. एक दिवस गाडीच्या नंबरवरून त्याची गाडी ओळखली आणि पोटात काही झालं नाही. जे उतरलं नाही ते दुसरंच. माझ्या डोळ्यांवरचा माझा विश्वास. मी तीन वर्षं ज्याच्याबरोबर जेवले त्याचं मला कळलं नाही, तर मला कळतं तरी काय? भाजी घेताना, नोकरी बदलताना, मैत्रिणीने काही सांगितलं तरी, आत एक आवाज म्हणायचा, तुला कुठे कळतंय. हे जायला तीन वर्षं लागली.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने टेबलावर फोन पालथा ठेवला. नेहमीची सवय, स्क्रीनवर ओरखडे येऊ नयेत म्हणून. मी हातातली पोळी ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. (तेच माझं इथलं नाव.) त्या रात्री त्याला सगळं सांगितलं. तो लगेच म्हणाला, पासवर्ड घे. मी घेतला नाही. कारण मला माहीत होतं, एकदा बघितला की रोज बघेन आणि काही सापडलं नाही तर म्हणेन लपवलं असेल. मी एवढंच मागितलं की उशीर होणार असेल तर आधी सांग, आणि मी विचारलं तर चिडू नकोस. अजून विचारते कधीकधी. अजून चिडत नाही.

तुला कळलं नाही हे खरं नाही, गोदाकाठची. तो मेसेज बघून तू एका वाक्यात ओळखलंस. तुझे डोळे ठीक आहेत. तू फक्त विश्वास ठेवला होतास, आणि विश्वास ठेवलेला माणूस तपासत नाही.


अनामिक_९८ | १३ फेब्रुवारी, रात्री १२.५५

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितेय. मी ती 'ऑफिसमधली मुलगी' होते. तुमच्यातली नाही, दुसऱ्या शहरातली, दुसरी गोष्ट.

मला सांगितलं होतं की त्यांचं संपल्यातच जमा आहे, फक्त घरच्यांना सांगायचं बाकी. मला ते पटायला सोयीचं होतं म्हणून पटलं. नंतर माझ्याबरोबरही तेच झालं. लोक हसले, बरं झालं म्हणाले. मला रडायची परवानगीच नव्हती.

सहानुभूती नको. एवढंच सांगायचं होतं, तू तिच्यात काय आहे आणि तुझ्यात काय नाही हे शोधत असशील. त्यात काही नसतं. मी काही खास नव्हते. जवळ होते आणि विचारत नव्हते.


वाघीण_पंचवटी | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.००

धाडस आहे हां इथे येऊन लिहायचं.


रात्रपाळी | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

वाघीण, लिहू द्या. खरं लिहिलंय. मला हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर मी जिमची वर्षाची फी भरली नसती.


गोदाकाठची | रंगपंचमीची रात्र

धागा वर आणतेय. शनी चौकात गेले होते. दरवर्षी तो रहाडीत (रंगाच्या जुन्या हौदात) उडी मारायचा आणि मी चपला, पाकीट, फोन सांभाळत उभी. साडेचार वर्षांत त्याचा फोन माझ्या हातात सर्वांत जास्त वेळ रंगपंचमीलाच असायचा हे आज तिथे उभी असताना सुचलं आणि हसू आलं. मैत्रीण विचारत होती काय झालं. सांगता येईना.

तो दिसला नाही. मी बघत मात्र होते. खोटं कशाला बोलू.

आईला सांगितलं. तिने पहिलं काय विचारलं असेल? 'म्हणजे तू दोन महिने उपाशी होतीस आणि मी तुला कोशिंबीर करून देत होते?' मग रडली. मग बाबांना मी नसताना सांगितलं. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर चल म्हणाले. आता रोज जातो. ते गुडघ्याबद्दल बोलतात.

सिव्हिलचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह. दुसरी एप्रिलमध्ये.


मनोली | दुसऱ्या दिवशी, सकाळी १०.००

बाबांच्या गुडघ्यासाठी माझ्याकडून नारळ.


कांदेपोहे_नको | त्याच दिवशी, दुपारी १.३०

आणि शीट?


गोदाकाठची | त्याच दिवशी, रात्री १०.४५

आहे. १४ वी नोंद. ब्रेकअपनंतरच्या पण टाकत होते, ज्यांचा माझ्याशी काहीही संबंध नाही. ऑडिटमध्ये याला 'कालावधीबाहेरचे व्यवहार' म्हणतात आणि ते त्या कालावधीत धरायचे नसतात. हे मी ज्युनिअर मुलांना शिकवते.


गोदाकाठची | २ मे, संध्याकाळी ७.२०

दुसरा रिपोर्टही निगेटिव्ह. सिस्टर, थँक्यू. सरळ बघत गेले होते.

आणि फास्टॅग बंद केला. दोन ओटीपी, एक फॉर्म. शिल्लक ३४० रुपये खात्यात जमा झाले. त्याला कळवलं नाही. कळवायला हवं होतं बहुतेक.


रात्रपाळी | २ मे, संध्याकाळी ७.२४

नाही कळवलं!! चालू टॅग नसेल तर टोलवर जास्त मोजावे लागतात भो. यूपीआयने दिले तरी सव्वापट. आज माझ्या शिफ्टला पेढे.


मखमलाबादकर | २ मे, रात्री ८.१०

एक ओळ कळवायची होती. त्याच्यासाठी नाही, आपली रीत म्हणून.


अर्धी_पोळी | २ मे, रात्री ८.३०

काका, तिने चौदा महिने टोल भरलाय. रीत झाली भरून.


मखमलाबादकर | २ मे, रात्री ८.५५

बरं. छाटणी आटोपली आहे, मला भांडायला वेळ आहे, पण हे सोडतो.


दगडूची_आई | ३ मे, सकाळी ११.००

ते मनोलीताईंनी सांगितलेलं कोरडं लिहिणं चालू आहे का? माझ्या भाचीला सांगायचंय, नमुना दे ना एखादा.


गोदाकाठची | ३ मे, रात्री १०.१५

नमुना म्हणजे काय, कंटाळा येईल वाचून. कालचं देते.

५.५० उठले. ट्रॅक, ४ फेऱ्या. बाबांच्या ३. चहा, २ खारी. ऑफिसला सिटीलिंकची बस, उभं राहून. जीएसटीची २ रिटर्न भरली, एक अडकलं. डबा: दोडका, ३ पोळ्या, संपवला. ३ वाजता बँकेचा फोन. टॅग बंद. ६.४० ला मैत्रिणीबरोबर सोमेश्वरला गेले, कणीस खाल्लं, जळकं होतं. धबधब्याला पाणी नाही. ८ ला घरी. वरण-भात. भांडी माझी पाळी. रात्री डास फार. कॉइल संपलीय, आणायची.